कोल्हापुरात गाडीत पेट्रोल भरताना पैसे वसूल कसे करायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोलचे भाव रोज बदलू शकतात, म्हणून खालच्या सगळ्या हिशोबात लिटरला १०४ रुपये धरले आहेत. भरायच्या दिवशीचा भाव वेगळा असेल तर आकडे थोडे इकडंतिकडं होतील, निष्कर्ष तेच राहतील.

एकाच गावात या पंपावर एक भाव आणि त्या पंपावर दुसरा, असं का?

भाव पंपमालक ठरवत नाही, तेल कंपनी ठरवते. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी ६ वाजता नवा भाव लागू होतो, बदल नसेल तर कालचाच राहतो. कंपनी वेगळी, डेपोपासूनचं अंतर वेगळं, त्यामुळं ताराराणी चौकातला पंप आणि फुलेवाडीकडचा पंप यांच्यात फरक दिसतो. पण सरकारी कंपन्यांच्या पंपांत तो बहुतेक वेळा पैशांतच असतो. खासगी कंपन्यांचे पंप कधीकधी यापेक्षा वर-खाली असतात, तिथं फलक बघूनच गाडी वळवा. १० पैसे वाचवायला ३ किलोमीटर लांब जाण्यात काही अर्थ नाही. ३० लिटरमागं ३ रुपये वाचतील आणि जाण्यायेण्यात चाळीसेक रुपयांचं तेल जळेल.

जीएसटी का लागत नाही, असंही बरेच जण विचारतात. पेट्रोल अजून जीएसटीच्या बाहेर आहे. केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट, दोन्ही वेगवेगळे बसतात. कागलपलीकडं, कर्नाटकात शिरलं की भाव बदलतो तो याच व्हॅटमुळं.

मग निपाणीला जाऊन टाकी फुल्ल केली तर?

हा प्रश्न कोल्हापुरात विचारला नाही असा गाडीवाला सापडायचा नाही. कर्नाटकातला कर वेगळा असल्यानं तिकडं बहुतेकदा थोडं स्वस्त मिळतं. समजा लिटरला दीड रुपयाचा फरक आहे आणि तुम्ही ३० लिटर टाकणार आहात. वाचले ४५ रुपये. कोल्हापूर ते निपाणी ४० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन येऊन ८०. गाडी १५ चं ॲव्हरेज देत असेल तर सव्वापाच लिटर जळलं, साडेपाचशे रुपये गेले, वर टोल. मुद्दाम जायचं कामच नाही. बेळगावला लग्नाला निघालाच असाल, तर इथनं पोहोचण्यापुरतं टाका आणि परत येताना हद्द ओलांडायच्या आधी तिकडंच भरा.

गोव्याची गोष्ट वेगळी. तिथला फरक लिटरला काही रुपयांचा असतो, त्यामुळं गोव्याची ट्रिप असेल तर निघताना कोल्हापुरात टाकी फुल्ल करणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. आंबोली उतरून जाण्याइतकं तेल ठेवा, तिकडं भरा, आणि परतताना राज्याची हद्द ओलांडायच्या आधी पुन्हा फुल्ल करा. मात्र जादा म्हणून कॅनमध्ये भरून आणायच्या फंदात पडू नका. बंद गाडीत पेट्रोलची वाफ साठते, तो धोका दोनशे रुपयांसाठी घेण्यासारखा नाही.

पहाटे गार हवेत भरलं तर पेट्रोल जास्त मिळतं, हे खरं का?

कागदावर खरं, पंपावर नाही. पेट्रोल अंशाला साधारण ०.१ टक्का प्रसरण पावतं. पण साठा जमिनीखालच्या टाकीत असतो आणि तिथलं तापमान सकाळ-दुपारात जेमतेमच हलतं. एक अंशाचा फरक धरला तरी ३० लिटरमागं ३० मिली, म्हणजे ३ रुपये. झोपा.

१०० ऐवजी ११०, ५०० ऐवजी ५१० चं टाकायला सांगावं का?

सांगा हवं तर, पण त्यानं काही सिद्ध होत नाही. यंत्रात कोणी गडबड केलीच असेल तर ती ५१० वरही चालेल. त्यापेक्षा पुढच्या दोन प्रश्नांकडं लक्ष द्या.

पंपावर सगळ्यात जास्त फसवणूक कशात होते?

झिरोत. आणि ती यंत्र करत नाही, माणूस करतो. प्रकार असा असतो. तुम्ही गाडीत बसूनच सांगता, "हजाराचं टाक रे." पोरगा नोझल लावतो आणि २०० वर थांबतो. तुम्ही म्हणता, "अरे, हजार म्हटलं होतं." तो म्हणतो, "सॉरी साहेब, दोनशेच ऐकायला आलं. आता वर आठशेचं टाकतो." तेवढ्यात दुसरा पोरगा काच पुसायला येतो, नाहीतर "कार्ड का कॅश?" असं विचारतो. तुम्ही मान वळवता. इकडं मीटर शून्यावर न आणताच २०० च्या पुढं सुरू होतो आणि ८०० वर थांबतो. तुम्ही वळून बघता, ८०० दिसतात, आधीचे २०० मनात धरता आणि हजार देऊन निघता. गाडीत पडलेलं असतं ८०० चं.

यावर उपाय साधा आहे. गाडी बंद करा, खाली उतरा, यंत्रासमोर उभे राहा. "झिरो बघा" असं पोरगं म्हणतं तेव्हा खरंच बघा. रुपयांच्या शून्याबरोबर लिटरचाही शून्य बघा आणि दराचा आकडा बाहेरच्या फलकाशी ताडा. मधे थांबवलंच तर दुसऱ्यांदाही शून्य बघा. त्याहून सोपं म्हणजे पहिल्या २०० चं बिल मागा. दोन वेळा भरलं तर दोन बिलं निघायलाच हवीत. शेवटचा आकडा दिसल्याशिवाय कार्ड काढू नका, फोनही उचलू नका. रक्कम भरायच्या आधीच यंत्रावर टाकून घेतली, तर ऐकण्यातली चूक हे कारणच उरत नाही.

प्रत्येक पंपावर हे चालतं असं अजिबात नाही. रोजच्या ओळखीच्या पंपावर पोरगंच आधी हाक मारतं, "दादा, झिरो बघून घ्या."

मापातच मारत असतील तर कसं कळणार?

पाच लिटरचं माप मागा. ग्राहकाचा तो हक्क आहे, आणि वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं माप पंपावर ठेवावंच लागतं. हे माप धातूचं असतं, वरची मान अरुंद आणि मानेवर खुणा. नीट करायची पद्धत अशी की आधी माप पेट्रोलनं ओलं करून उपडं धरून निथळू द्यायचं, मग सपाट जागेवर ठेवून बरोबर ५ लिटर सोडायचं, फेस बसू द्यायचा, आणि डोळा खुणेच्या पातळीला आणून वाचायचं. ५ लिटरमागं २५ मिली कमी किंवा जास्त इतकी सूट कायद्यात आहे. त्याहून कमी भरलं तर ते नोझल बंद करून तक्रार करण्यासारखं आहे. मापात मोजलेलं पेट्रोल परत साठ्यात जातं, तुम्हाला ते विकत घ्यावं लागत नाही.

२५ मिली म्हणजे अर्धा टक्का. म्हणजे कायद्याच्या सुटीतलं जास्तीत जास्त नुकसान ३० लिटरमागं १५० मिली, साधारण १५ रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं हवेच्या प्रश्नात लागणार आहे.

यंत्रात चिप बसवून माप मारण्याचे प्रकार झालेले आहेत, हे नाकारता येत नाही. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात तशा चिप सापडल्या आणि पाठोपाठ ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातल्या अनेक पंपांवर छापे टाकले. बघून अशी चिप कळत नाही. मापानंच कळते. म्हणून संशय आला तर वाद घालत बसण्यापेक्षा माप मागा. मागितल्यावर पंपाचा सूर कसा बदलतो, त्यावरनंही बरंच समजतं.

भेसळ ओळखायची कशी?

फिल्टर पेपर मागा, तोही पंपावर असतो. नोझलचं टोक पुसून एक थेंब कागदावर सोडायचा. दोनेक मिनिटांत तो उडून जायला हवा. मागं फिकट गुलाबीसर छटा राहिली तर घाबरू नका, तो पेट्रोलमधला रंग आहे. काळपट, तेलकट डाग राहिला तर मात्र शंका घ्या. ही चाचणी जड तेलाची भेसळ पकडते, पाणी पकडत नाही.

दुसरी खूण घनतेची. त्या दिवसाची घनता पंपावर लिहिलेली असते. १५ अंश तापमानाला पेट्रोलची घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान असते. नोंदीत लिहिलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष मोजणीत ३ हून जास्त फरक पडला तर काहीतरी गडबड आहे. नुसता ७४० आणि ७५५ असा दोन पंपांतला फरक बघून कुठलं पेट्रोल चांगलं ते ठरत नाही.

टाकी फुल्ल करणं फायद्याचं की थोडं थोडं टाकणं?

पैशात फरक नाही. फुल्ल टाकीचं वजन वाढून ॲव्हरेज पडतं म्हणणाऱ्यांनी हिशोब करावा. ३५ लिटर पेट्रोल म्हणजे २६ किलोच्या आसपास, मागच्या सीटवरच्या शाळकरी पोराएवढं. उलट कायम रिझर्व्हवर फिरवणं वाईट. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यामुळंच थंड राहतो.

नोझल कट झाला की थांबा. "राऊंड फिगर करू का?" ला "नको" म्हणा. वरच्या जागेत वाफ राहायला हवी. कोंबून भरलं की पेट्रोल वाफ शोषणाऱ्या डब्यात शिरतं, आणि तो डबा बदलायचा खर्च राऊंड फिगरच्या कितीतरी पट असतो.

पुस्तकात टाकी ३५ लिटरची, बिल ३७ चं. फसवलं का?

लगेच तसं समजू नका. पुस्तकातला आकडा टाकीची सुरक्षित क्षमता सांगतो. वाफेची जागा आणि मानेची नळी धरून प्रत्यक्षात त्याहून जास्त मावतं. फरक फारच मोठा असेल, तर वर सांगितलेलं पाच लिटरचं माप आहेच.

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून गाडी ॲव्हरेज देईना झालीय. मनाचा खेळ आहे का?

नाही, थोडं पडतंच. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या मानानं साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के इथेनॉल म्हणजे शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-साडेसहा टक्के ऊर्जा कमी. पण आपण शुद्ध पेट्रोलवरून नाही, १० टक्के मिश्रणावरून इकडं आलो. तो फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा. १८ देणारी गाडी साडेसतराच्या आत आली तर त्यात नवल नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं की शून्य इथेनॉलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकींची कार्यक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, आणि ई२० ला जुळवलेल्या इंजिनांत ती १ ते २ टक्केच घटेल.

१८ वरून १४ वर आली असेल तर मात्र दोष इथेनॉलच्या माथी मारू नका. एअर फिल्टर, प्लग, धरून राहिलेला ब्रेक, टायरची हवा, यातलं काहीतरी बिघडलंय.

जुन्या गाडीवाल्यांनी एवढं करावं: कंपनीच्या पुस्तकात किंवा झाकणाच्या आत ई१० का ई२० काय लिहिलंय ते बघा. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी-प्लास्टिकचे भाग ई२० ला चालणारे आहेत. त्याआधीच्या गाडीत सर्व्हिसिंगला इंधनाच्या नळ्या आणि सील तपासायला सांगा. इथेनॉल ओल धरतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी ठेवणार असाल तर अर्ध्या टाकीवर सोडू नका, भरून ठेवा.

राहता राहिला आपल्या जिल्ह्याचा विषय. आपलाच ऊस, आपल्याच कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या, म्हणून इथं कोणी ई२० वर बोललं की शेतकरी भाऊबंद नाराज होतात. नाराज व्हायचं कारण नाही. उसाला चार पैसे मिळतात हेही खरं आणि ॲव्हरेज पडतं हेही खरं. ग्राहक म्हणून माझी तक्रार एवढीच, की लिटरमागं ऊर्जा कमी मिळत असेल तर भावही तेवढा उतरायला हवा होता.

जादा पैसे देऊन प्रीमियम पेट्रोल टाकावं का?

तुमच्या गाडीच्या पुस्तकात साध्या पेट्रोलपेक्षा जास्त ऑक्टेन मागितलं असेल तर टाका. नसेल तर नको. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात दाब वाढला तरी पेट्रोल वेळेआधी पेटू नये, ही त्याची क्षमता. साध्या इंजिनाला तिचा काही उपयोग नाही. "साहेब, पॉवर टाकू ना?" असं विचारता विचारताच नोझल आत गेलेला असतो, म्हणून "साधं" हा शब्द आधी उच्चारा.

क्रेडिट कार्डावर खरंच वाचतात का?

कार्डावर १ टक्का अधिभार लागतो. बऱ्याच कार्डांवर तो परत मिळतो, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी परत मिळत नाही. २००० च्या पेट्रोलवर २० रुपये अधिभार, त्यातले ३ रुपये ६० पैसे गेलेच. ही सवलत ठरावीक रकमेच्या दरम्यान भरलं तरच असते, त्यामुळं २०० चं तेल कार्डावर टाकण्यात हशील नाही.

तेल कंपनीच्या नावाचं कार्ड घ्यायचं तर आधी वर्षाचा हिशोब मांडा. समजा परतावा ४ टक्के आणि फी ५०० अधिक जीएसटी. महिन्याला ३००० चं तेल लागत असेल तर वर्षाला १४४० मिळाले, ५९० गेले, हाती ८५० राहिले. वाईट नाही. पण एका महिन्याचं बिल थकलं की व्याजात हे सगळं जातं. हे ज्याला पाळता येत नाही त्यानं यूपीआय करावं आणि कंपनीच्या ॲपमधले पॉइंट घ्यावेत, त्याला फी नाही.

हवा किती फरक पाडते?

पंपावरच्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त, आणि ती फुकट आहे. चारही टायरमध्ये १ पीएसआय हवा कमी असेल तर ॲव्हरेज साधारण ०.२ टक्क्यानं पडतं. ३३ हवी आणि २५ आहे, तर दीड टक्क्याहून जास्त गेलं. मापातली कायदेशीर सूट अर्धा टक्का होती. म्हणजे पंपवाल्यानं पूर्ण सूट वापरून मारलं असतं, त्याच्या तिप्पट तुम्ही स्वतःच रस्त्यावर सांडताय. आणि टायर कडेनं झिजतोय तो खर्च वेगळाच.

आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. हवा गार टायरमध्ये तपासा. पुण्याहून येऊन लगेच तपासली तर मीटर जास्त दाखवणार. पंपावर हवा मोफत द्यायचीच असते. भरून देणाऱ्या पोराला खुशीनं काही दिलं तर तो तुमचा मोठेपणा. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

ॲव्हरेज नीट मोजायचं कसं?

डॅशबोर्डवरचा आकडा अंदाज असतो. टाकी पहिला कट होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, नेहमीसारखी चालवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. गाडी ३८० किलोमीटर चालली आणि २२.४ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १७. लागोपाठ दोन-तीन टाक्यांची सरासरी काढा. एका टाकीवरनं "त्या पंपाचं तेल हलकं आहे" असं म्हणू नये. त्याच आठवड्यात तुम्ही ज्योतिबाचा डोंगर दोनदा चढला असाल.

घाट उतरताना न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं ना?

उलट. कार्बोरेटरच्या जमान्यातली ही समजूत आहे. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय काढला की पेट्रोलचा फवाराच बंद होतो, चाकं इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःला चालू राहायला पेट्रोल लागतं. गगनबावड्याचा करूळ घाट असो की आंबा घाट, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. पेट्रोलही वाचतं, ब्रेकही तापत नाहीत. न्यूट्रलमध्ये उतरताना सगळा भार ब्रेकवर येतो, आणि करूळची वळणं काही माफ करणारी नाहीत.

गावात आणि हायवेला काय पाळावं?

उभी गाडी चालू ठेवली तर तासाला पाऊण लिटरच्या आसपास जातं. दाभोळकर कॉर्नरला कोंडीत १० मिनिटं अडकलात तर १३ रुपये गेले. लांब सिग्नलला बंद करा. हायवेला वेगाचा मामला मोठा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, ८० वरून १०० ला गेलात की तो दीडपट होतो. या वेगाला एसी लावून काचा बंद ठेवलेल्या बऱ्या. गावातल्या गावात उघड्या काचा चालतील. कॅरिअरवर सामान नसेल तर कॅरिअर काढून ठेवा.

पूर येतो तेव्हा काय करायचं?

२०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक ठप्प झाली. अशा वेळी टँकर येत नाहीत आणि पंपांवर रांगा लागतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की टाकी भरून ठेवा. ४३ फूट धोका पातळी, तोपर्यंत थांबू नका. पूर ओसरल्यावर मात्र घाई नको. जो पंप पाण्यात होता, त्याच्या भूमिगत टाकीत पाणी शिरलंय का ते तपासून झालंय, हे विचारल्याशिवाय तिथं भरू नका. इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये पाणी गेलं की इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं, आणि ते गाडीत आलं की गाडी पंपाबाहेर पडायच्या आतच बंद पडते.

चुकून डिझेल टाकलं तर?

चावी फिरवू नका. ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करून घ्या, मगच चालू करा.

तक्रार कुठं करायची?

आधी पंपाच्या तक्रार वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो काढा. वही देत नाहीत, तर तीच तक्रारीतली दुसरी ओळ. कंपनीचा क्रमांक पंपावर लावलेला असतो. मापाची तक्रार वैधमापन खात्याकडं, बाकी कशासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोन करताना बिल हातात ठेवा. त्यावर तारीख, वेळ, नोझलचा क्रमांक, दर आणि लिटर असतात. यूपीआयच्या पावतीवर फक्त रक्कम असते, त्यामुळं ऑनलाइन पैसे दिले तरी छापील बिल मागून घ्या. उन्हात छपाई उडते, म्हणून पंपावरच त्याचा फोटो काढलेला बरा.